मायक्रोवेव्हचा कोनाडा आणि आखूड ओटा

इंदूरमध्ये निपानियात, सुपर कॉरिडॉरला किंवा बायपासच्या पलीकडे फ्लॅट बघायला गेलात तर नमुना फ्लॅटच्या स्वयंपाकघरात एक जागा आवर्जून दाखवली जाते: मायक्रोवेव्हचा कोनाडा. आत स्वतंत्र प्लग, वर लहानसा दिवा, खाली भांड्यांची ट्रॉली. ओटा किती लांब आहे ते मात्र आपणच मोजायचं. सिंक, शेगडी आणि पाण्याचा फिल्टर मांडून झाल्यावर पोळपाट आणि परात शेजारी शेजारी राहतील का, असं एखाद्या मावशींनी विचारलंच तर उत्तर मिळतं, ‘आंटीजी, रोटी तो डायनिंग टेबल पे भी बेल सकते हैं।’

आपल्या पैशाने कुणी काय आणावं हा खासगी मामला आहे. पण घराचा नकाशा, लग्नातलं रुखवत आणि मुलांच्या पीजीचे नियम हे सगळं ‘मायक्रोवेव्ह असणारच’ असं धरून ठरू लागलं की तो खासगी राहत नाही. आपला रोजचा स्वयंपाक मायक्रोवेव्हवाचून अडत नाही, त्याच्यामुळे फारसा हलकाही होत नाही, आणि स्वयंपाकघरात कष्ट जिथे खरोखर आहेत तिकडे बघायचं टाळायला तो एक सभ्य सबब पुरवतो, असं माझं मत आहे. हे लिहिणारा पुरुष आहे, तेव्हा ‘तुमचं काय जातंय सांगायला’ असं कुणी म्हटलं तर रास्तच, त्याबद्दल पुढे.

विरोधकांची काही कारणं मात्र मला मुळीच पटत नाहीत. सुदामानगर असो की लोकमान्यनगर, चार माणसं जमली की कुणीतरी सांगतंच: त्यात कॅन्सर होतो, अन्नातलं सत्त्व जातं, किरणं अन्नात राहून पोटात जातात. यातलं काहीही खरं नाही. मायक्रोवेव्हमधल्या लहरी २.४५ गिगाहर्ट्‌झच्या, म्हणजे रेडिओच्याच कुळातल्या आहेत. घरातलं वायफायही जवळपास त्याच पट्ट्यात चालतं. अणू फोडण्याइतकी शक्ती त्यांच्यात नसते. बटण बंद झालं की दिव्याच्या उजेडासारख्या त्या संपतात, अन्नात शिल्लक राहत नाहीत. जीवनसत्त्वांचं नुकसान ठरतं ते उष्णता, वेळ आणि पाणी यांवरून. कमी पाण्यात, थोड्या वेळात भाजी शिजली तर क जीवनसत्त्व उलट जास्त टिकतं. पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी सिंकमध्ये ओतून देणाऱ्याने या बाबतीत मायक्रोवेव्हला नावं ठेवू नयेत. खोट्या भीतीवर उभा केलेला विरोध एका चांगल्या लेखाने कोसळतो, आणि मग त्यामागचे खरे आक्षेपही लोक हसण्यावारी नेतात.

खरा आक्षेप हे यंत्र काय करू शकतं इथूनच सुरू होतो. लढाईच्या दिवसांत, १९४० साली, बर्मिंगहॅममध्ये रडारसाठी नवा मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारी नळी, तयार झाला. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर यांनी त्याच नळीने अन्न तापवून पाहिलं, आणि १९४७ मध्ये बाजारात आलेलं पहिलं यंत्र पुरुषभर उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचं होतं. ओट्यावर मावेल असं घरगुती रूप १९६७ मध्ये आलं, किंमत ४९५ डॉलर. तोवर अमेरिकी घरांत फ्रीझर भरलेले होते आणि त्यांत तयार जेवणाची ताटं होती. एका माणसाचं एक गोठलेलं ताट झटपट गरम करायचं, हे काम तिथे यंत्राची वाट बघत होतं. आपल्याकडे ते ताट नव्हतं. यंत्र आधी आलं, आणि त्याच्यासाठी काम शोधायची पाळी आपल्यावर आली.

आपला स्वयंपाक फोडणीपासून सुरू होतो. मोहरी तडतडायची तर तेल चांगलं कडकडीत तापायला हवं. मायक्रोवेव्हच्या लहरी मुख्यतः पाण्याच्या रेणूंना हलवून अन्न तापवतात. नुसतं तेल त्यांना फारशी दाद देत नाही. शिवाय अन्नात पाणी आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या आसपासच घुटमळतं, आणि खरपूस वास, तांबूस रंग, भाजल्याची चव ही सगळी किमया साधारण १४० अंशांच्या पुढे सुरू होते. त्यामुळे थालीपिठाची कुरकुरीत कड, भरतासाठी सालासकट काळं केलेलं वांगं, कांदा-खोबऱ्याचं वाटण, झुणक्याची खरवड यांतलं काहीच साध्या मायक्रोवेव्हला जमत नाही. ग्रिल आणि कन्व्हेक्शनची महागडी मॉडेलं थोडं जमवतात, पण ती जमवतात तेव्हा त्यांच्यातला मायक्रोवेव्ह बाजूला राहून साधी विजेची कॉइल काम करत असते.

आपण राहतो त्या माळव्याचंच बघा. बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, आधी पाण्यात उकळतात, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर शेकतात आणि शेवटी तुपात बुडवतात. ओली उष्णता आतल्या कणकेसाठी, कोरडी उष्णता वरच्या पापुद्र्यासाठी. भुट्ट्याच्या किसाला तुपात किती वेळ हलवायचं यावरून इंदूरच्या दोन घरांत वाद होऊ शकतो. तो वाद कणसाच्या पिठूळ कच्चेपणाचा आहे, आणि तो जातो परतण्याने. गराडू हा कंद थंडीत सराफ्याच्या खाऊगल्लीत खातो तो दोनदा तळलेला. ज्या प्रदेशाची जीभ अशी घडली आहे तिथे एकाच प्रकारची उष्णता देणारं यंत्र मधोमध बसवणं मला जरा विनोदी वाटतं.

त्याला काय चांगलं येतं तेही सांगायला हवं. उडदाचा पापड तेलाशिवाय सुरेख फुलतो. शेंगदाणे भाजले जातात, रवा भाजता येतो, बटाटे लवकर उकडतात. आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत त्याचा मुख्य उद्योग पापड हाच आहे. बाकी वेळ तो घड्याळ म्हणून चालतो.

ते घड्याळही फुकट नाही. दोन-तीन वॅटचं म्हटलं तरी वर्षाला वीस-पंचवीस युनिटं जातात. याउलट एक वाटी आमटी रोज दोन मिनिटं गरम केली तर, यंत्र १,२०० वॅट खेचतं असं धरून, वर्षाला पंधरा युनिटंही होत नाहीत. म्हणजे आमटीपेक्षा वेळ दाखवायलाच वीज जास्त लागते! ज्यांच्याकडे आहे त्यांनी काम झालं की भिंतीवरचा खटका बंद करावा, एवढा सल्ला वादाशिवाय देता येईल. मात्र ‘मायक्रोवेव्हमुळे बिल फुगतं’ हा आरोप एका वाटीपुरता टिकत नाही. एकट्या माणसाची एक वाटी गरम करायला तो गॅसपेक्षा काटकसरीचा पडू शकतो. हिशोब बदलतो तो माणसं वाढली की. मायक्रोवेव्हची शक्ती ठरलेली असते, अन्न दुप्पट झालं की वेळ जवळजवळ दुप्पट होतो. ८०० वॅटच्या यंत्रात लिटरभर पाणी उकळायला साडेसहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो. मोठ्या शेगडीवर तेच चारेक मिनिटांत होतं. चौघांचं वरण, भाजी, भात एकामागून एक आत-बाहेर करत बसलं तर पहिलं वाढेपर्यंत शेवटचं तयार नसतं, आणि शेवटचं येईपर्यंत पहिलं निवतं. दोन शेगड्यांवर तिन्ही एका दमात होतात, कारण वरणाच्या पातेल्यावर भाताचा डबा ठेवता येतो.

भांड्यांचा प्रश्न तर कुणी विचारातच घेत नाही. राजवाड्याच्या मागच्या बर्तन बाजारातून पिढ्यान्‌पिढ्या घरात आलेलं सगळं स्टील, पितळ आणि लोखंड या यंत्राला वर्ज्य आहे. धातू लहरी परतवतो, कडांवर ठिणग्या उडतात. मग काचेची भांडी येतात, ती जड, निसटती आणि महाग. म्हणून प्लॅस्टिक येतं. ऑनलाइन मागवलेल्या पदार्थांबरोबर आलेले काळे-पांढरे डबे धुऊन जपून ठेवले जातात आणि त्यांतच आमटी फिरते. डब्यावरच्या ‘मायक्रोवेव्ह सेफ’ या शिक्क्याचा साधा अर्थ डबा वितळणार नाही, तडकणार नाही, इतकाच घ्यावा. त्यातून अन्नात काहीच उतरत नाही अशी ती हमी नव्हे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी बाळांच्या खाण्याचे प्लॅस्टिकचे डबे तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये तापवले, तेव्हा काही डब्यांतून एका चौरस सेंटिमीटरमागे चाळीस लाखांपेक्षा जास्त सूक्ष्म प्लॅस्टिक-कण सुटलेले आढळले. त्या कणांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो यावर काम चालू आहे. पण स्टीलचा डबा घरात असताना आपण हा प्रयोग स्वतःवर का करावा? अमेरिकेत त्या तयार जेवणाची ताटं आधी अ‍ॅल्युमिनियमची होती, यंत्रासाठी १९८०च्या दशकात ती प्लॅस्टिकची झाली. यंत्राच्या सोयीने ताट बदलायचं की नाही, हे ठरवायची संधी अजून आपल्याकडे आहे.

यावर हटकून येणारं उत्तर म्हणजे शिळं. ‘उरलेलं गरम करायला तरी लागतोच ना?’ इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण मराठी स्वयंपाकघराची खरी हुशारी शिळ्यातच दिसते.

मायक्रोवेव्ह कालचं जेवण आज पुन्हा वाढतो. तीच भाजी, तीच पोळी, फक्त गरम. आणि पोळी तर आधी लुसलुशीत, मग दोन मिनिटांत वातड. तिच्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि निवताना पीठ घट्ट धरतं. आपल्या घरांची रीत वेगळी होती आणि अजूनही आहे. भाताला कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी मिळते. पोळ्या कुस्करून फोडणीची पोळी होते, किंवा तूप-गुळात लाडू होतो. वरण उरलं तर त्यात कणकेचे तुकडे सोडून वरणफळं होतात. खिचडीत थोडं बेसन आणि कोथिंबीर घालून तव्यावर थापतात. मेथीची भाजी थालीपिठाच्या पिठात जाते. प्रत्येक ठिकाणी शिळ्या अन्नाला नव्याने कोरडी, तीव्र आच मिळते, नवा वास लागतो, आणि खाणाऱ्याला आपण कालचंच खातोय असं वाटत नाही. तीन दिवस तेच मटार-पनीर मायक्रोवेव्हमध्ये फिरवून चौथ्या दिवशी फेकणाऱ्या घरात अन्न वाचत नाही, त्याची रवानगी फक्त लांबते.

रवानगी कुठे होते ते इंदूरकरांना सांगायला नको. ओला कचरा वेगळा देण्याची सवय या शहराने देशाला करून दाखवली. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी देवगुराडियाला सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकतो आणि त्यापासून सुमारे १७,००० किलो गॅस बनवण्याची त्याची क्षमता आहे. त्या गॅसवर शहर बस धावतात. अभिमान वाटावा असंच हे काम आहे. पण टाकलेल्या अन्नाचा सदुपयोग होतो म्हणून टाकण्याची टोचणी कमी होत असेल तर तो भलताच परिणाम म्हणायचा. पेरण्यापासून पोळीपर्यंत गव्हावर खर्च झालेलं पाणी, खत आणि डिझेल त्या गॅसमधून परत येत नाही.

नुसतं गरमच करायचं असेल तर उत्तर इथल्या प्रत्येक चौकात सकाळी सहा वाजता उभं असतं. पोहेवाल्याच्या हातगाडीवर खाली भगोन्यात पाणी उकळत असतं, वर पोह्यांची परात. खालून वाफ येत राहते. पोहे कोरडे पडत नाहीत, करपत नाहीत, आणि तिसऱ्या तासाच्या गिऱ्हाइकालाही ऊन ऊन मिळतात, वर शेव, जीरावण मसाला, बारीक कांदा. घरात हेच काम कुकर करतो. तळाशी दोन वाट्या पाणी, झाकणाची शिट्टी काढलेली, आत भाताचा झाकलेला डबा. सात-आठ मिनिटांत भात मोकळा आणि मऊ. मोदकपात्र वर्षातून एकदा गणपतीतच बाहेर काढायचं असा काही नियम नाही. इडली, ढोकळा, कालची अळूवडी सगळं त्यात सुंदर गरम होतं. सुक्या भाजीला कढईत पाण्याचा हबका आणि झाकण. पोळीला तवा आणि तुपाचं बोट. यातल्या कुठल्याच कामाला दहा मिनिटांवर लागत नाहीत, आणि त्या दहा मिनिटांत तिथे उभंही राहावं लागत नाही.

मात्र शिळं म्हणजे किती शिळं, याबद्दल आजीच्या शहाणपणावर सगळं सोडून चालणार नाही. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवला तर त्यात बॅसिलस सेरियस या जंतूला रान मोकळं मिळतं. त्याचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत, आणि त्याने तयार केलेलं ओकारीचं विष पुन्हा उकळल्यानेही जात नाही. फोडणी दिली तरी नाही, मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं तरी नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, पाच अंशांखाली ठेवावं, आणि गरम करताना आतपर्यंत ७० अंशांच्या वर न्यावं. शेवटच्या अटीत मायक्रोवेव्ह नेमका कच्चा आहे. त्याच्या लहरींची लांबी बारा सेंटिमीटरच्या आसपास असते, आत कुठे तीव्र तर कुठे मंद पट्टे पडतात. म्हणून तर ती थाळी फिरवावी लागते. कडेला चटका आणि मधे गारढोण वरण अनेकांनी खाल्लं असेल. बाळाचं दूध त्यात तापवू नये असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी. पातेल्यातलं वरण उकळी फुटली की आतपर्यंत उकळलं, हे डोळ्यांना दिसतं.

आता कष्टांकडे. मायक्रोवेव्हची सगळी जाहिरात एका वाक्यावर उभी आहे: बाईचा वेळ वाचतो. कोणता वेळ? मेथी निवडायला, भाजी चिरायला, कणीक मळायला, पोळ्या लाटायला, डबे भरायला, ओटा पुसायला, भांडी घासायला आणि उद्या काय करायचं हे ठरवायला जो वेळ जातो त्यातला एक मिनिटही या यंत्राने कमी होत नाही. कमी होतो तो अन्न शिजण्याची वाट बघण्याचा वेळ. आणि ओट्याशी उभ्या बाईला तो वेळ असा कधी नसतोच. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तिची कोशिंबीर चिरून झालेली असते.

सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे बघा. २०१९ मध्ये घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि असे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. यात स्वयंपाकाबरोबर झाडलोट, कपडे वगैरेही आलं. पाच वर्षांत घरोघरी किती उपकरणं आली असतील! तरी बायकांची दहा मिनिटं कमी झाली, आणि तेवढ्यात पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं काढून घेतली. त्यातही ‘अशी कामं करणारे’ म्हणजे किती, तर २०१९ मध्ये बायकांपैकी ८१ टक्के आणि पुरुषांपैकी २६. तीन तासांपेक्षा मोठ्या या फरकावर बटणाने मात होणार नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाला कणीक मळता येत असेल तर होईल. आमच्या पिढीतल्या पुरुषांनी मायक्रोवेव्ह मोठ्या हौसेने आणला, कारण तो आणला की आपण मदत केली असं वाटतं आणि हात कोरडे राहतात. मी हे लिहितोय तो संध्याकाळच्या पोळ्या आमच्याकडे माझ्याकडे आहेत म्हणून. त्या गोल येतात, त्यांचे नकाशे होत नाहीत, असा दावा नाही.

याचा अर्थ यंत्र नको, पुन्हा चुलीकडे चला, असा कुणी लावू नये. चुलीच्या धुराने बायकांचे डोळे आणि फुप्फुसं खराब झाली आहेत. चुलीवरच्या भाकरीचं कौतुक बहुतेक तेच करतात ज्यांनी ती फुंकलेली नसते. गॅस आला ते उत्तम झालं. मिक्सरने पाटा-वरवंट्यातून खांदे सोडवले. प्रेशर कुकर तर माझ्या मते स्वयंपाकघरातलं शतकातलं सर्वांत मोठं यंत्र. १६७९ मध्ये डेनिस पापँ यांनी त्याची कल्पना मांडली, आणि १९५९ पासून भारतात बनलेले कुकर मिळू लागले. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कुकरच्या आत ते १२० च्या आसपास जातं. तेवढ्या फरकाने तासाभराची तूरडाळ पाव तासावर येते, आणि शेगडी बंद केल्यावरही आतल्या वाफेवर शिजत राहते. १९१० च्या सुमारास इंदुमाधव मलिक यांनी बंगालमध्ये इकमिक कुकर काढला, खाली कोळसे आणि वर एकावर एक डबे. एकट्या माणसाने सकाळी लावून कामाला जावं आणि येऊन वरण-भात खावा. नोकरी करणाऱ्याची अडचण त्या माणसाने बरोबर ओळखली होती. यंत्र आपल्या जेवणाकडे बघून बनलं की ते असं रुळतं. मायक्रोवेव्हच्या कंपन्यांनी ‘पोळी’, ‘तूप’, ‘पनीर’ अशी बटणं नंतर चिकटवली. तूप कढवायचं बटण वापरणारं घर कुणाला माहीत असेल तर मला जरूर दाखवा.

एका ठिकाणी मात्र मी हरकत मागे घेतो. रामबाग, स्नेहलतागंज, राजेंद्रनगर इथल्या कितीतरी मराठी घरांत आता दोनच माणसं आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढची. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा समुद्रापार. हात थरथरतात, गॅस चालू राहिल्याचं लक्षात राहत नाही, सकाळची बाई दोन वेळचं करून जाते. तिथे मायक्रोवेव्ह ही चैन नव्हे. आपोआप बंद होतो, ज्योत नसते, पदर पेटण्याची भीती नसते. संधिवात असलेल्या, नीट दिसत नसलेल्या, रात्रपाळी करून पहाटे घरी येणाऱ्या माणसालाही तो आधार आहे. अशा घरात काचेच्या दोन हलक्या वाट्या आणि मोठ्या आकड्यांची दोन-तीन बटणं असलेला साधा मायक्रोवेव्ह असावा. पण बाजारात जे मॉडेल पुढे केलं जातं त्यावर तीनशे पाककृती आणि टचस्क्रीन असते. ज्याला खरी गरज आहे त्याच्यासाठी ते बनलेलंच नसतं.

आणि ज्यांच्यावर मायक्रोवेव्ह लादला जातो ती मुलं भंवरकुआं आणि विजयनगरच्या पीजींत राहतात. बुरहानपूर, खंडवा, देवासहून स्पर्धा परीक्षांसाठी आणि नोकरीसाठी आलेली. त्यांत आपलीही पुष्कळ. खोलीत स्वयंपाकाला मनाई, मेसचा कंटाळा, आणि जिन्याखाली सगळ्यांसाठी मिळून एक मायक्रोवेव्ह. मालक त्याला सुविधा म्हणतो आणि भाड्यात धरतो. त्यात ती मुलं काय करणार? नूडल्स, आणि रात्री मागवलेल्या बिर्याणीचा उरलेला अर्धा डबा, त्याच डब्यात गरम केलेला. खोलीत लपवलेल्या इलेक्ट्रिक केटलमध्ये अंडी उकडण्याचे उद्योग चालतात ते वेगळेच. वीस-बावीस वर्षांच्या माणसाला चार वर्षं वरण-भात लावायची संधीच द्यायची नाही, आणि पुढे लग्नाच्या वेळी ‘ह्याला काहीच येत नाही हो’ असं कौतुकाने सांगायचं, हे आपणच घडवतो आहोत.

मालकांची हरकत आगीची असते, ती खोटी नाही. पण इंडक्शनला ज्योत नसते, भांडं उचललं की ते थांबतं, आणि चुंबक चिकटतो असं कुठलंही घरचं स्टीलचं पातेलं त्यावर चालतं. दहा-बारा मुलांच्या मजल्याला एक सामायिक स्वयंपाकघर द्यावं: खिडकी, पंखा, स्वतंत्र वायरिंग आणि मीटर, दोन इंडक्शन शेगड्या, दोन-तीन लिटरचे दोन कुकर, कढई, तवा, परात. चांगल्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हच्या पैशात एवढी भांडी-शेगड्या येतात. खर्च आहे तो जागेचा, आणि भाडं जागेचंच घेतलं जातं. महापालिका हॉस्टेलांना परवानगी देताना आग विझवायची सोय बघते, पार्किंग बघते. प्रत्येक मजल्यावर ओटा आहे का हेही तिने बघावं. आणि मुलांना सोडायला येणारे आई-वडील वायफायचा वेग विचारतात, खोलीत एसी आहे का विचारतात, त्यांनी त्याच दमात विचारावं की इथे कुकर कुठे लावायचा.